क्लबच्या पाटीवरची दोन नावं

चहा तो स्टीलच्या फुलपात्रातूनच प्यायचा. घरात मगांची रांग होती. दर वाढदिवसाला कोणी ना कोणी एक आणून द्यायचं. पण नाही.

नव्या गावात गेला की आधी दुकानांच्या पाट्या वाचायचा. शब्द नव्हे, अक्षरं. ‘हा आर बघ, पोट सुटलंय त्याचं,’ असं भर रस्त्यात म्हणायचा.

पेशंटची ट्रॉली ढकलताना वळण आलं की आधी सांगायचा, आता डावीकडे. पेशंट झोपलेला असला तरी सांगायचा.

गाडी लॉक करून चार पावलं गेला की परत येऊन हँडल ओढून बघायचा.

बातम्या लागल्या की त्याला झोप लागायची. टीव्ही बंद केला की जागा व्हायचा आणि म्हणायचा, ऐकत होतो मी.

बेसबॉलच्या इनिंगला तो शेवटपर्यंत ‘ओव्हर’ म्हणत राहिला. मुलगी तेजश्री मैदानातून त्याच्याकडे बघायची आणि टोपी डोळ्यांवर ओढायची.

चित्रलेखाला, त्याच्या बायकोला, हे आठवावं लागत नाही. गाडी लॉक केल्यावर आता तीच चार पावलांवर थबकते.

मुरलीधर रेडेकर गेल्या ऑगस्टमध्ये गेला. त्रेपन्न वर्षांचा होता. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या हॉस्पिटलात पेशंटना वॉर्डातून एक्स-रेला, एक्स-रेवरून ऑपरेशनला, तिथून परत, असं ने-आण करायचं काम करायचा. तो मूळचा इचलकरंजीचा. इथल्या युनिव्हर्सिटीत अकाउंटिंग शिकायला आला. कोर्स झाला, पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाला, अकाउंटंटची नोकरी मात्र मिळाली नाही. शिकताना वीकेंडला धरलेली हॉस्पिटलची नोकरी हीच मग नोकरी झाली. याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. आकडे मला आवडतच नव्हते, म्हणायचा, माणसं ढकलणं बरं.

त्याला आवडायची अक्षरं. वडील पेंटर होते. सूतगिरणीपासून सलूनपर्यंत अर्ध्या गावाच्या पाट्या त्यांच्या हातच्या. लहानपणी मुरलीधर त्यांच्या शिडीखाली डबा धरून उभा राहायचा. पुढे शिडीवरही चढला. टूवूंबाला येताना बॅगेत लोणचं कमी आणि ब्रश जास्त होते, हे चित्रलेखा पाहुण्यांना हसून सांगायची. गराजमध्ये त्याचं एक टेबल होतं. मराठी मंडळाच्या गणपतीचा बॅनर, कोणाच्या बारशाचा पाळण्यावरचा फलक, सगळं तिथेच व्हायचं.

तेजश्री बेसबॉल खेळायला लागली तशी क्लबची कामंही त्याच्याकडे आली. आधी पार्किंगची पाटी. मग कँटीनचे दर. क्लबचा प्रेसिडेंट ग्रॅहॅम साधा माणूस. कुठलंही काम सांगितलं की म्हणायचा, ‘नो वरीज, मेट,’ आणि विसरून जायचा.

क्लबच्या हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर मोठी लाकडी पाटी आहे. इथे प्रत्येक क्लबात अशी एक असते. गर्द लाकूड, त्यावर सोनेरी अक्षरांत वर्षवार जिंकलेल्या टीमच्या खेळाडूंची नावं. मुरलीधर पहिल्यांदा ती पाटी बघून आला त्या दिवशी जेवताना तेवढंच बोलत होता. रंग नाही गं, खऱ्या सोन्याचा वर्ख आहे, हाताने लावलेला.

लेस त्याला पाटीमुळे भेटले नाहीत. ते हॉस्पिटलात भेटले. डायलिसिसला यायचे. ऐंशीच्या पुढचे, उंच, अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे या जमिनीचे मूळचे. सगळे त्यांना अंकल लेस म्हणायचे. मुरलीधरला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही, त्याला कोणालाही काका म्हणायची सवयच होती. लेस त्याला मर्ली म्हणत. व्हीलचेअरवरून लिफ्टपर्यंत जाताना दोघांचं चालायचं. तुमचं क्रिकेट म्हणजे पाच दिवस उन्हात उभं राहायचं आणि शेवटी कोणीच जिंकायचं नाही, असं लेस म्हणायचे. मुरलीधर म्हणायचा, निदान मध्ये जेवायला तरी देतात.

एकदा त्याने सांगितलं की मुलगी बेसबॉल खेळते, अमुक क्लबात. लेसनी आधी लिफ्टचं बटण दाबलं. मग म्हणाले, मी तिथे पिचर होतो.

पुढचं तुकड्या-तुकड्यांनी कळलं. दर खेपेला लिफ्टपर्यंतचं थोडं. मुरलीधर घरी येऊन तेवढं चित्रलेखाला सांगायचा.

लेस आणि त्यांचा थोरला भाऊ तीन तासांवरच्या, अ‍ॅबोरिजिनल लोकांना ठेवलेल्या सरकारी वस्तीत वाढले. तिथून बाहेर पडायला परवाना लागायचा. दोघं परवान्यावर टूवूंबाला लाकडाच्या गिरणीत कामाला आले. तेव्हा बेसबॉल हिवाळ्यात खेळायचे. क्लबला माणसं कमी पडत होती, कोणीतरी या दोघांना खेळताना बघितलं आणि बोलावलं. त्याआधी त्या मैदानावर एकही काळा माणूस खेळला नव्हता. लेस चेंडू टाकायचे, भाऊ यष्टिरक्षकासारखा मागे बसून झेलायचा, तोंडावर जाळीचा मुखवटा घालून. समोरच्या टीमला बऱ्याचदा भाऊही काळा आहे ते मुखवटा काढल्यावरच कळायचं. मग आरडाओरडा. भाऊ मुखवटा परत घालायचा आणि खाली बसायचा. कपडे बदलायला टीमला शेड होती. या दोघांना मैदानामागचं झाड.

त्या हिवाळ्यात क्लब जिंकला. टीम पबमध्ये गेली. पबमध्ये यांना प्रवेश नव्हता. दोघांनी स्टेशनच्या बाकावर बसून मासे आणि चिप्स खाल्ले. पुढच्या वर्षी भावाला परवाना मिळाला नाही. तो परत कधी खेळला नाही. चाळिशी न गाठताच गेला.

‘आणि पाटीवर?’ मुरलीधरने विचारलं होतं.

‘पाटीवर आम्ही नाही, मर्ली.’

भावाचं नाव या गोष्टीत लिहिलेलं नाही. चित्रलेखाला ते माहीत आहे. तीही उच्चारत नाही. का, ते पुढे येईल.

मुरलीधर सरळ ग्रॅहॅमकडे गेला. त्याला वाटलं होतं वाद होईल. वाद झाला नाही. ग्रॅहॅमला ती गोष्ट अर्धीमुर्धी ठाऊक होती, बापाकडून ऐकलेली. कमिटीतल्या आणखी दोघांना ठाऊक होती. करायला हवंच, सगळे म्हणाले. नो वरीज. इतकी वर्षं सगळे हेच म्हणत आले होते. ब्रश कोणी उचलला नव्हता, एवढंच.

मुरलीधरने उचलला. पण त्याच्या आधी त्याने सत्कार ठरवला.

आपल्याकडे माणसाचा मान करायचा म्हणजे शाल आणि श्रीफळ. आणि गेलेल्या माणसाचा मान करायचा म्हणजे त्याचा फोटो, मोठा, चांगल्या फ्रेममध्ये, त्याला हार. यात मुरलीधरला किंवा चित्रलेखाला कधी विचार करावा लागला नव्हता. क्लबच्या स्टोअररूममध्ये त्या जिंकलेल्या टीमचा फोटो होता. भाऊ कडेला उभा, मुखवटा काखेत. मुरलीधरने तेवढाच भाग मोठा करून घेतला. खाली स्वतःच्या हाताने नाव लिहिलं, त्याला येत होतं तेवढं सगळं वळण ओतून. परसात चित्रलेखाचा झेंडू फुललेला होता. तिने जाड हार ओवला. फोटो हॉलच्या दारातच ठेवला, शेजारी समई लावली. लेसना आधी काही सांगायचं नाही असं ठरलं. त्यांना एकदम बघू दे.

लेसना त्यांच्या भाचीने गाडीतून आणलं. वॉकर घेऊन ते पायऱ्या चढले. आत वीसेक माणसं टाळ्या वाजवायला उभी होती. चित्रलेखाच्या हातात तबक होतं, शाल, नारळ, कुंकू. ती दारातच होती, म्हणून तिला सगळं दिसलं.

लेसनी फोटो बघितला. मग भिंतीकडे तोंड केलं. एक हात डोळ्यांवर धरला, ऊन लागल्यासारखा. कोणाला काही कळेना. टाळ्या सुरू झाल्या आणि थांबल्या.

‘कोणाला विचारलंस?’ लेस भिंतीकडे बघतच म्हणाले.

मुरलीधर म्हणाला, ‘अंकल, हे तुमच्या...’

‘माझी बहीण आहे. तिला विचारलंस?’

मग ते वळले आणि पायऱ्या उतरले. उतरायला त्यांना चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मुरलीधर मदतीला पुढे झाला, तर भाचीने त्याला हाताने थांबवलं. समई जळत होती. ग्रॅहॅम म्हणाला, चहा घेऊ या का. कोणी घेतला नाही.

हॉस्पिटलात अ‍ॅबोरिजिनल पेशंट आणि स्टाफ यांच्यामध्ये दुवा म्हणून काम करणारी एक बाई आहे. मुरलीधर दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेला. तिने त्याला बसवून सांगितलं. सगळ्यांचं सारखं नसतं, पण या घरात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, त्याचा चेहरा समोर मांडत नाहीत, घरातल्या मोठ्यांनी हो म्हटल्याशिवाय. तू त्यांच्या भावाला न विचारता दारात उभं केलंस, ती म्हणाली. आवाज न चढवता म्हणाली.

घरी येऊन तो गराजमध्ये बसला. चित्रलेखाने भाकरी टाकली, हाक मारली, मग स्वतःच गेली.

‘सगळ्यांना विचारलं गं मी,’ तो म्हणाला. ‘ग्रॅहॅमला विचारलं खुर्च्या किती. फ्रेमवाल्याला विचारलं काच कुठली. तुला विचारलं हार केवढा.’

ती त्याच्या शेजारी डब्यावर बसली. हार तिने ओवला होता. एकेक फूल निवडून. तो तिने कचऱ्यात टाकला नव्हता आणि ठेवायचा कुठे तेही कळत नव्हतं.

लेसनी हॉस्पिटलात दुसरा माणूस मागून घेतला. कॉरिडॉरमध्ये मुरलीधर समोर आला तर ते खिडकीकडे बघायचे. तो वळणावर आपल्या पेशंटला सांगायचा, आता उजवीकडे, आणि लेस ऐकायचे. असा इथला डिसेंबर ते फेब्रुवारीचा अख्खा उन्हाळा गेला. चित्रलेखा म्हणाली, जाऊन माफी माग, संपव. तो म्हणाला, परत न बोलावता जाऊ? एकदा गेलो तेवढं पुरे.

त्याने त्या बाईकडे निरोप मात्र ठेवला. बहिणीसाठी. चुकलो. भेटायचं असेल तर येतो, नसेल तर येत नाही. आणि थांबला. थांबणं त्याला जमत नसे. दूध तापायला ठेवून तो तीनदा झाकण उघडायचा. पण या बाबतीत थांबला.

एप्रिलमध्ये निरोप आला. ये. बायकोला घेऊन ये.

तीन तास गाडी. बहिणीला सगळे आँटी रूबी म्हणतात. लेसपेक्षा मोठ्या. व्हरांड्यात खुर्च्या टाकलेल्या होत्या. आत या असं त्या म्हणाल्या नाहीत, पण चहा दिला, केक दिला. पाटीबद्दल बराच वेळ एक शब्द नाही. तू कुठला, विचारलं. तुझी माणसं कोण. बाप काय करायचा. मुरलीधरने सांगितलं. शिडी सांगितली, सूतगिरणी सांगितली. बाप गेला तेव्हा मी इथे होतो, तिकिटाची सोय होईपर्यंत सगळं आटोपलं होतं, हेही सांगितलं. आमच्या घरी त्यांच्या फोटोला रोज हार घालतात. आम्हाला तेवढंच येतं.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तो बापाबद्दल इतकं एका दमात बोललेला चित्रलेखाने ऐकला नव्हता.

आँटी रूबी अंगणाकडे बघत होत्या. म्हणाल्या, ‘दुखवायला नव्हतास आला. कळतं ते. पण दुखलं.’

‘हो,’ मुरलीधर म्हणाला.

‘तो गेला तेव्हा त्याची बॅट की काय ती, ग्लोव्ह, सगळं पुरलं आम्ही. मी म्हटलं, त्या खेळाने काय दिलं त्याला.’ मग केकची बशी पुढे सरकवत, ‘पण त्याला आवडायचं ते.’

निघताना त्यांनी सांगितलं, लिही. थोरल्याचं वर, लेसचं खाली. मी येईन तेव्हाच कापड काढायचं. त्याआधी कोणी बघायचं नाही, तुझ्याशिवाय.

पुढच्या डायलिसिसला लेसनी त्यांना न्यायला आलेल्या पोराला परत पाठवलं. मर्लीला बोलाव म्हणाले. मुरलीधर आला. ते म्हणाले, ‘हळू ढकल. तू गाडी चालवतोस तशी.’ तो दिवस मुरलीधरने घरी येऊन दोनदा सांगितला, जेवायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

लेसची तब्येत उतरत होती. आता सगळ्यांना तेच दिसत होतं. आँटी रूबींनी ऑगस्टमधला एक शनिवार कळवला. मुरलीधरने पाटीवर कापड टाकलं आणि काम सुरू केलं. घाई मात्र केली नाही. जुन्या अक्षरांचं वळण त्याने आधी कागदावर पन्नास वेळा घोटलं. कोणाला वाटू नये की हे नंतर घुसडलंय, म्हणायचा. तिथेच होती असं दिसायला हवं.

वर्खाचं काम दोन दिवसांचं असतं. आधी अक्षरं रंगाने नाही तर एका चिकट वार्निशने लिहायची. मग थांबायचं. ते पूर्ण ओलं असताना वर्ख लावला तर तो बुडतो, पूर्ण वाळल्यावर लावला तर धरत नाही. मधली एक वेळ असते, बोटाला नुसतं ओढ देईल अशी. तेव्हा वर्खाचं पान मऊ ब्रशने उचलायचं आणि सोडायचं. ब्रश आधी गालावरून फिरवायचा, म्हणजे कातडीचं तेल लागून पान ब्रशला धरतं. हे मुरलीधर करून दाखवायचा तेव्हा तेजश्री म्हणायची, ‘डॅड, दॅट्स सो वीअर्ड,’ आणि मग आपलाही गाल पुढे करायची. पुष्कळजण वार्निशमध्ये पिवळा रंग मिसळतात, लिहिलेलं दिसावं म्हणून. त्याचे वडील मिसळत नसत. सोन्याखाली मळकट दिसतं म्हणे. तोही मिसळत नसे.

शनिवार सहा दिवसांवर होता. रविवारी संध्याकाळी त्याने दोन्ही नावं वार्निशने लिहिली. सोमवारी सकाळी वर्ख लावायचा होता. पण सकाळीच हॉस्पिटलातून फोन आला, दोघं आजारी आहेत, येशील का. तो गेला. दुपारपर्यंत चालेल, म्हणाला, ऑगस्टची थंडी आहे, हळू वाळतं. लंचला क्लबात जातो आणि लावून येतो. वर्खाच्या पानांचं छोटं पुस्तक शर्टाच्या खिशात घातलं.

साडेदहाच्या सुमारास चित्रलेखाला फोन आला. रिकामा बेड घेऊन येत होता, कॉरिडॉरमध्ये. भिंतीला टेकला, खाली बसला. हॉस्पिटलातच होता, डॉक्टर धावत आले, जे करायचं ते सगळं केलं. ती पोचली तेव्हा त्याचे सहकारी भिंतीशी ओळीने उभे होते, कोणाला हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. एकाने तिच्या हातात वर्खाचं पुस्तक दिलं. जरा दुमडलं होतं.

तिने ते घेतलं आणि विचारलं, किती वाजले. तिलाही माहीत नाही तिने ते का विचारलं.

दिवस झाले. मंडळाची माणसं येऊन गेली, डबे आले, तिच्या भावाचे व्हिडिओ कॉल आले. घरच्या हॉलमध्ये मुरलीधरचा फोटो लागला, त्याला हार घातला. विकतचा. परसातल्या झेंडूकडे तिला बघवेना.

लेस आले ते तेराव्यानंतर. भाचीने आणलं. व्हरांड्यातच थांबले, दाराकडे पाठ करून.

‘आत त्याचा फोटो आहे?’ त्यांनी विचारलं. नाव घेतलं नाही.

‘आहे,’ चित्रलेखा म्हणाली.

‘बघितला तर चालेल तुला?’

चित्रलेखाने नुसतं दार उघडं धरलं. तेजश्रीने तिच्यासाठी सांगितलं, ‘येस, अंकल. प्लीज.’

ते आत आले. टोपी काढली. फोटोसमोर वॉकर धरून उभे राहिले. बसा म्हटलं तर मान हलवली. शेवटी म्हणाले, तो प्रत्येक वळण सांगायचा. मी इतकी वर्षं त्याच कॉरिडॉरमधून जातोय, मला वळणं पाठ आहेत. तरी सांगायचा.

आँटी रूबींचा शनिवार केव्हाच होऊन गेला होता. त्या आल्या नाहीत. तुमचं घर आता दुःखात आहे, आम्ही थांबू, असा निरोप आला. ग्रॅहॅमला काही तरी करावंसं वाटत होतं. ब्रिस्बेनला एक माणूस आहे, त्याने सांगितलं, नाहीतर मशीनने कापलेली सोनेरी अक्षरं मिळतात, चिकटवली की झालं. त्याने लेसना विचारलं. लेस म्हणाले, मला नको विचारू, त्याच्या बायकोला विचार.

ग्रॅहॅमने विचारलं. बघते, ती म्हणाली.

पुढच्या रविवारी दुपारी ती तेजश्रीला घेऊन क्लबात गेली. हॉल रिकामा होता. बाहेर लहान पोरांचा सराव चालला होता. ती खुर्चीवर चढली आणि तिने कापड बाजूला केलं. समोरून काहीच दिसेना. नुसतं लाकूड. तेजश्री खिडकीकडे सरकली, मान कलती केली आणि म्हणाली, ‘आई, इथून.’ तिथून दिसत होतं. वर एक नाव, खाली एक, पाण्याने लिहिल्यासारखं, लकाकणारं.

चित्रलेखाने ब्रश गालावरून फिरवला. गाल ओला होता, तिने पदराने पुसला आणि पुन्हा फिरवला. दुमडलेल्या पुस्तकातलं एक पान उचललं. अर्धं फाटलं. उरलेलं तिने वरच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर सोडलं आणि तो करायचा तसं कापसाने हलकेच दाबलं.

कापूस उचलला तसं सोनंही उचललं गेलं. तिने बोट लावून बघितलं. काचेसारखं गुळगुळीत होतं. कुठेही ओढ नव्हती.

‘इट्स ड्राय,’ तेजश्री म्हणाली. मग मराठीत म्हणाली, ‘वाळलंय, आई.’

आता वर्ख लावायचा तर त्याच्या अक्षरांवरून कोणाला तरी पुन्हा वार्निश फिरवावं लागणार. चित्रलेखाने अजून ग्रॅहॅमला काही कळवलेलं नाही. लेस आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. पाटीवर कापड आहे. त्याखाली दोन्ही नावं पूर्ण लिहिलेली आहेत, थोरल्याचं वर, लेसचं खाली. वर्ख लावायचा राहिला आहे.